गोष्ट थोडी सांगा, नाट्यगृह सगळं सांगा

पहिली घंटा झाली होती, दुसरी व्हायची होती आणि माझी नात खुर्चीत अडकली होती. आपण उठलो की नाट्यगृहाच्या खुर्चीची बैठक आपोआप वर मिटते ना, तशी ती तिच्यासकट मिटली. पंधरा किलोची पोर, तिच्या वजनाने बैठक खाली राहीना. गुडघे हनुवटीला टेकलेले, दोन्ही पाय वर आणि चेहरा असा, की रडायचं की हसायचं हे आता आजीकडे बघून ठरवणार. मी हसले, म्हणून तीही हसली. मग पिशवीतल्या शालीची जाड घडी करून तिच्या पाठीमागे कोंबली. त्यामुळे ती बैठकीच्या पुढच्या कडेशी आली. वजन कडेशी आलं की बैठक खाली राहते. पुढचे दोन तास ती तशीच बसली.

लहान मुलाला नाटकाला न्यायचं म्हणजे काय करायचं असं मला कुणी विचारलं, की मी आधी ही शाल सांगते. मुलाचं नाटक पडदा उघडल्यावर सुरू होत नाही. ते खुर्चीपासून, दारापासून, अगदी आदल्या आठवड्यापासून सुरू होतं. मी पुण्यात २८ वर्षं बालवाडीत शिकवलं. दरवर्षी पंचवीस-तीस मुलं घेऊन बालनाट्याला जायचे. त्याआधी माझ्या दोन मुली होत्या, आता तीन नातवंडं आहेत. इतक्या मुलांना अंधारात हाताशी धरून बसल्यावर एक गोष्ट पक्की कळली. घरची मोठी माणसं मुलाला नाटकाची गोष्ट सांगतात, पण नाट्यगृहाबद्दल काहीच सांगत नाहीत. राजा कोण, राक्षस कोण, शेवटी काय होतं, सगळं पाठ. पण दिवे जाणार आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं. शेजारी अनोळखी माणसं बसणार, अचानक मोठा आवाज होणार, आठशे माणसं एकदम हसणार, हेही सांगितलेलं नसतं. मग मूल रडतं आणि आपण म्हणतो, राक्षसाला घाबरलं. बहुतेक वेळा राक्षस अजून आलेलाही नसतो.

मला हे शिकवलं ते माझ्या आईने. आमचं गाव कुडाळजवळ. थंडीत जत्रा सुरू झाल्या की देवळापुढे दशावतार व्हायचा. रात्री अकरा-बाराला सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत. आम्ही मुलं पुढे चटईवर, अर्धी झोपलेली. सुरुवातीला गणपती येतो, सरस्वती येते आणि मग येतो संकासुर. सगळा काळा पोशाख, तोंडावर काळं कापड, त्यातून लोंबणारी लाल जीभ. पाच वर्षांची असताना मी त्याला बघून इतकी किंचाळले की आईला मला उचलून घरी न्यावं लागलं. पुढच्या वर्षी आईने मला खेळाच्या आधीच मागे नेलं. नट मंडळी आपापल्या पेट्यांपुढे बसून, हातातल्या आरशात बघत तोंडं रंगवत होती. एका कोपऱ्यात एक काका विडी ओढत बसले होते आणि त्यांच्या मांडीवर ते काळं कापड होतं. त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "भिया नको गो चेडवा. हात लाव बघू. कापडच मा ह्यां?" मी हात लावला. जीभसुद्धा कापडाचीच होती, आत कापूस भरलेला, शिवण थोडी उसवलेली. मग त्यांनी माझ्यासमोर ते तोंडावर चढवलं आणि आतून त्याच आवाजात विचारलं, "आता कोण मी?"

त्या रात्री संकासुर आला तेव्हा मी घाबरलेच. पण मला घाबरायला आवडलं. चटईवरून हलले नाही. कापड कोणाचं, आत कोण, हे माहीत असूनही भीती वाटते आणि माहीत असल्यामुळेच ती सोसते. लहान मुलाला नाटक दाखवताना मला एवढंच साधायचं असतं.

कुठलं नाटक आणि कुठलं वय

साडेतीन-चारच्या आधी मोठ्या नाट्यगृहात नेऊ नये असं माझं मत आहे. वयापेक्षा एक सोपी परीक्षा घ्या. चित्रांचं पुस्तक न घेता, नुसती तोंडी गोष्ट सांगायला बसा. मूल पंधरा-वीस मिनिटं ऐकतं का? मध्ये प्रश्न विचारेल, तुमच्या मांडीवर लोळेल, चालेल. गोष्टीकडे परत येतं का ते बघा. येत असेल तर नाटकाला न्या. टीव्हीपुढे तासभर बसतं म्हणून नाटकाला बसेल हा हिशेब मात्र चुकतो. पडद्यावरचं चित्र दर दोन सेकंदांनी बदलून मुलाला धरून ठेवतं. रंगमंचावर कुठे बघायचं ते मुलाने स्वतः ठरवायचं असतं आणि त्याला ताकद लागते.

त्याहून लहान असेल तर बाहुल्यांपासून सुरुवात करा. बोलक्या बाहुल्या, काठीच्या बाहुल्या, कळसूत्री, काहीही. खेळ छोटा असतो, उजेड असतो, बाहुली मुलापेक्षाही लहान असते. कोकणात जाणं झालं तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जरूर थांबा. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, जपली आहे. त्याच परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. अंगणात, पाच हातांवर, दोरीवर नाचणारी बाहुली बघितलेलं मूल नाट्यगृहात वेगळंच बसतं. आतून कुणीतरी हे करतंय, ही गोष्ट त्याच्या हाताला कळलेली असते.

बालनाट्यांचे साधारण दोन प्रकार मुलांना बघायला मिळतात, आणि दोन्हींसाठी मूल वेगळं तयार करावं लागतं. एक परीकथेचा, म्हणजे राजपुत्र, चेटकीण, बोलणारे प्राणी, जादू. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी मुंबईत 'लिटल थिएटर' सुरू केलं, १९६२ मध्ये रत्नाकर मतकरींनी 'बालनाट्य' ही संस्था काढली, आणि तेव्हापासून हा प्रकार आपल्याकडे थाटात चालत आलाय. चार वर्षांचं मूल यात रमतं, फक्त चेटकिणीची तयारी हवी. दुसरा प्रकार ग्रिप्सचा. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची ही पद्धत डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ च्या सुमारास पुण्यात आणली. यात पऱ्या-राक्षस नसतात. घर, शाळा, आईबाबांची भांडणं, एकटं राहणं, हे विषय असतात आणि मोठे नटच मुलांच्या भूमिका करतात. हे सहा-सातच्या पुढे दाखवा. त्याआधी दाखवलं तर दाढी असलेला काका शाळेचं दप्तर घेऊन का आला, यातच मूल अडकतं. माझा मोठा नातू सातव्या वर्षी तसलं एक नाटक बघून घरी आला आणि जेवताना शांतपणे म्हणाला, "त्या मुलाचे बाबापण ओरडतात." माझा जावई ताट बाजूला ठेवून त्याच्याजवळ जाऊन बसला. परीकथेतून हे व्हायला वेळ लागतो.

मोठ्यांच्या नाटकाला, बेबीसिटिंगची सोय नाही म्हणून, लहान मुलाला नेऊ नका. तिथे त्याच्यासाठी काही नसतं आणि त्याच्या रडण्याने शांत प्रसंगातला नट कोलमडतो. काही नाट्यगृहांत रडणाऱ्या बाळांसाठी काच लावलेली वेगळी खोली असते, पण तान्ह्या बाळाला घेऊन तिथून नाटक बघणं म्हणजे दोघांचेही हाल.

तिकीट काढताना

बालनाट्याचे प्रयोग मुख्यतः उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत लागतात. पेपरमधल्या नाटकांच्या जाहिराती बघा, नाहीतर तिकिटालय किंवा बुकमायशोवर बघा. मी अजूनही शक्यतो तिकीटखिडकीवरच जाते. एक तर खिडकीवरच्या माणसाला प्रश्न विचारता येतात. दुसरं म्हणजे मुलाला बरोबर नेता येतं. दुपारच्या निवांत वेळी, गर्दी नसताना, मूल ती इमारत बघतं, पायऱ्या चढतं, बाहेर लावलेले नाटकांचे बोर्ड बघतं. प्रयोगाच्या दिवशी ती जागा त्याला अनोळखी राहत नाही. पुण्यात बालगंधर्वला गेलात तर शेजारीच संभाजी बाग आहे. तिकीट, मग बागेत घसरगुंडी, मग घरी. मुलाच्या मनात नाट्यगृह आणि बाग एकत्र बसतात, ते चांगलंच आहे.

खिडकीवर चार प्रश्न विचारा. मुलाला पूर्ण तिकीट लागतं का? बऱ्याच ठिकाणी तीन वर्षांच्या पुढे लागतं, आणि मी तर नियम नसला तरी काढते, कारण मांडीवर बसवून दोन तास काढणं दोघांनाही जड जातं. नाटक किती वेळाचं, मध्यंतर आहे का? धूर, फटाक्यासारखे आवाज, लुकलुकणारे दिवे आहेत का? आणि पात्रं खाली प्रेक्षकांत येतात का? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. बालनाट्यात चेटकीण, राक्षस, विदूषक हमखास पायऱ्या उतरून खाली येतात आणि मधल्या वाटेने फिरतात.

यावरून जागा ठरते. पहिल्या दोन-तीन रांगा घेऊ नका. तिथून मुलाला मान वर करून बघावं लागतं, नटाचे पाय दिसतात, आणि स्पीकर शेजारी असतो. माझी धाकटी मुलगी तीन वर्षांची असताना मी हौसेने पहिल्या रांगेची तिकिटं काढली होती. पडदा उघडताच धूर आणि ढगांचा गडगडाट. तिने कान दाबून धरले ते मध्यंतरापर्यंत सोडले नाहीत. ती चूक पूर्ण माझी होती. पुढे वर्षभर ती "नाटक" हा शब्द ऐकला तरी कान धरायची. तेव्हापासून मी पाचवी ते दहावी रांग धरते. बाल्कनी नको. लांब पडतं, आणि पुढे बसलेल्या मुलाला कठड्याचा मोह होतो.

रांगेच्या टोकाच्या खुर्च्या घ्या, म्हणजे उठून जाता येतं. पण टोकाच्या खुर्चीवर मोठ्या माणसाने बसायचं आणि मुलाला आतल्या खुर्चीत बसवायचं. वाटेने राक्षस आला तर मध्ये तुम्ही असता. दोन मोठे असाल तर मूल मधोमध. पुढच्या खुर्चीत उंच माणूस आला तर जागा बदलायला वाव राहतो.

वेळ निवडताना मुलाची झोप बघा, तुमची सोय नको. पुण्यात साडेबाराचा प्रयोग असतो आणि संध्याकाळी पाच-साडेपाचचा. दुपारी झोपणाऱ्या मुलाला साडेबाराचा प्रयोग अर्धा बरा जातो, मध्यंतरानंतर ते पेंगतं आणि पेंगलेलं मूल चिडतं. संध्याकाळचा मिळाला तर तो घ्या, दुपारी झोपवून उठवा. साडेबाराचाच असेल तर अकराला वरण-भात भरवून निघा.

आदल्या आठवड्यात घरी

इथे थोडा वेळ द्या. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

आमच्या बालवाडीत आम्ही 'नाटक-नाटक' खेळायचो, तेच मी घरी करते. दोन खुर्च्यांवर जुनी साडी टाकून पडदा. समोर उश्या मांडून प्रेक्षक, त्यात मूल बसतं आणि त्याच्या बाहुल्याही बसतात. एका स्टीलच्या वाटीवर चमच्याने घंटा. पहिली घंटा झाली की सांगायचं, "आता शू करून यायचं आणि पाणी प्यायचं." दुसरी घंटा: "आता आपापल्या जागी बसायचं." तिसरी घंटा: "आता दिवे जाणार." आणि खरंच दिवा घालवायचा. पहिल्या दिवशी तीन आकडे मोजेपर्यंत, दुसऱ्या दिवशी पाच, मग दहा. मोजणं मुलाने करायचं. दहा झाले की पडदा उघडतो आणि मागून मी टॉर्च लावून बाहेर येते. मी काहीतरी बोलते, एखादं गाणं म्हणते, वाकून नमस्कार करते, आणि टाळ्या. मग उलटं. आता ती पडद्यामागे, मी प्रेक्षकांत.

या खेळात चार दिवसांत मूल नाट्यगृहाचं सगळं शिकतं. अंधार येतो आणि जातो, तो कुणीतरी मुद्दाम करतं, आणि तो मोजता येतो. पडद्यामागे माणूस असतो. घंटा तीन असतात. शेवटी माणसं पुढे येऊन नमस्कार करतात आणि टाळ्या वाजवायच्या असतात. प्रयोगाच्या दिवशी तिसरी घंटा झाली तेव्हा माझ्या नातीने माझा हात धरून जोरात मोजायला सुरुवात केली. सहाला पडदा उघडला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून बघितलं आणि त्यासुद्धा हसल्या.

गोष्ट मी अर्धीच सांगते. कोण कोण आहे, कुठे राहतात, कुणाला काय हवंय, एवढं. शेवट सांगत नाही. पण भीतीदायक पात्र असेल तर ते आधी दाखवते. फोटो मिळतो, जाहिरातीत असतो. 'अलबत्या गलबत्या'ला जायचं होतं तेव्हा मी नातीला चेटकिणीचा फोटो दाखवला आणि सांगितलं, की ही बाई दिसते पण आत एक काका आहेत. जुन्या काळी दिलीप प्रभावळकर चेटकीण करायचे, २०१८ ला नाटक नव्याने आलं तेव्हा वैभव मांगले करायचे. म्हटलं, "ते घरून पँट-शर्ट घालून येतात, आरशापुढे बसतात, नाक लावतात, केस लावतात आणि चेटकीण होतात." नात बराच वेळ फोटो बघत राहिली. मग विचारलं, "नाक कशाने चिकटवतात?" हा प्रश्न आला की समजा काम झालं.

"ते खरं नाही, घाबरायचं नाही" असं मात्र सांगू नका. मुलाच्या डोळ्यांपुढे जे चालतं बोलतं आहे ते खरंच आहे. नट खरा आहे, आवाज खरा आहे, भीती खरी आहे. खरं नाही म्हटलं की मुलाला वाटतं, मला दिसतंय ते आजीला दिसत नाही. त्यापेक्षा "चेटकीण झालेले काका" हे जास्त खरं आहे आणि मुलाला पेलतं.

निघताना

चालताना पीं पीं वाजणारे किंवा चमकणारे बूट नकोत. अंधारात त्या एका बुटाने तीन रांगा त्रासतात. आत एसी असतो म्हणून बाह्यांचा कपडा, आणि ती शाल. पाण्याची बाटली, पण खोलताना खाट्कन वाजणारी नको. वेफर्सची पाकिटं घरी ठेवा. आत खायचं नसतंच आणि पाकिटाचा चुरचुर आवाज शांत प्रसंगातच होतो. पिशवीत एक रुमाल आणि एक जादा चड्डी. एवढंच.

अर्धा तास आधी पोचा. त्याहून आधी नको, मूल कंटाळतं. पोचल्यावर आधी स्वच्छतागृह दाखवा, मग बाहेर पडायचं दार. मी मुलांना नेहमी सांगते, "त्या लाल दिव्याखाली दार आहे. तुला बाहेर जावंसं वाटलं तर माझा हात दोनदा दाब, आपण जाऊ." ही खूण फार उपयोगाची आहे. निम्मी मुलं ती कधीच वापरत नाहीत, पण आहे हे माहीत असल्याने बसतात.

मग खुर्ची, शाल, आणि मोबाइल बंद. सायलेंट नव्हे, बंद. मूल तुमच्याकडे बघून शिकतं. तुम्ही नाटकाचा व्हिडिओ काढायला लागलात तर तेही रंगमंचाऐवजी तुमच्या हातातल्या छोट्या पडद्यावर बघायला लागतं. मी हे स्वतः पाहिलं आहे. शेजारी एक बाबा शूट करत होते आणि त्यांचा मुलगा, समोर जिवंत वाघ नाचत असताना, फोनमधला वाघ बघत होता.

आत बसल्यावर

मुलं प्रश्न विचारणार. "हा कोण?" "तो कुठे गेला?" "परत येणार?" कानात तीन शब्दांत उत्तर द्या. "राजाचा भाऊ." "येईल परत." लांबलचक समजावत बसू नका, तेवढ्यात पुढचं निघून जातं. जास्त असेल तर "मध्यंतरात सांगते" आणि मध्यंतरात आठवणीने सांगा. मुलं हिशेब ठेवतात.

बालनाट्यात नट मुलांशी बोलतात. "चेटकीण कुठे गेली? पाहिली का कुणी?" तेव्हा मुलाला ओरडू द्या, उठून बोट दाखवू द्या. तिथे "शू, गप्प बस" म्हणणारे आईवडील बघितले की मला वाईट वाटतं. नट त्याच ओरडण्यासाठी थांबलेला असतो. उलट काही मुलं गप्पच राहतात. माझा दुसरा नातू तसाच. सगळं सभागृह "मागे! मागे!" करत होतं आणि हा तोंडातून शब्द न काढता, मुठी आवळून, डोळे विस्फारून बघत होता. त्याला "अरे तूपण ओरड ना" म्हणू नका. तो मनात ओरडत असतो. रात्री झोपताना त्याने अंधारात हळूच "मागे" म्हटलं, मी ऐकलं.

भीती वाटली तर काय करायचं? आधी शरीर. हात हातात घ्या, किंवा मांडीवर घ्या आणि पाठ तुमच्या पोटाला टेकू द्या. डोळे झाकायचे असतील तर त्याचे त्याला झाकू द्या. आपल्या हाताने झाकू नका. बोटांच्या फटीतून किती बघायचं हे त्याला ठरवता आलं पाहिजे. कानात हळू सांगा, "काकांचं नाक बघ." तरी रडू वाढलं, किंवा हात दोनदा दाबला, तर लगेच उठा. तिकिटाच्या पैशांचा विचार करू नका. बाहेर फॉयरमध्ये पाणी प्या, भिंतीवरच्या जुन्या नटांच्या तसबिरी बघा. दारातून आतला आवाज येत असतो. पाचेक मिनिटांनी विचारा, "दारातून बघायचं का?" बरीच मुलं दारात उभी राहून बघतात आणि मग स्वतःच जागेकडे ओढतात. नाही म्हटलं तर घरी चला. अर्धं नाटक बघितलेलं मूल पुढच्या वेळी उरलेलं अर्धं बघतं. जबरदस्तीने पूर्ण बघितलेलं मूल पुढच्या वेळी दारातूनच परत फिरतं.

मध्यंतराला दोनच कामं: आधी स्वच्छतागृह, मग खाणं. क्रम उलटला तर रांगेत घंटा होते. बटाटेवडा हा आपल्याकडे नाटकाचाच भाग आहे आणि तो मुलाला मिळालाच पाहिजे. फोडून, फुंकर मारून, मिरची काढून द्या. कोल्ड्रिंक देऊ नका, दुसऱ्या अंकात पुन्हा बाहेर जावं लागेल.

पडदा पडल्यावर

सगळे घाईने दाराकडे धावतात, तुम्ही बसून राहा. टाळ्या पूर्ण वाजवा. मुलाला दाखवा, सगळे कसे एका रांगेत उभे राहतात, राक्षस आणि राजपुत्र हातात हात धरून. माझ्या नातीला नाटकातलं सगळ्यात जास्त आश्चर्य त्याचंच वाटलं.

मग जमलं तर रंगपटात, म्हणजे नट तोंडं रंगवतात त्या खोलीत, जा. दारावरच्या माणसाला नम्रपणे विचारा, "मुलीला चेटकिणीला भेटायचंय, दोन मिनिटं." बालनाट्याचे नट थकलेले असले तरी बहुतेक नाही म्हणत नाहीत. आम्ही गेलो तेव्हा चेटकीण आरशापुढे बसली होती. केसांचा टोप काढून खुर्चीच्या दांडीला अडकवलेला, कपाळावर घामाने रंग फुटलेला, नाक अजून तसंच. नात माझ्या मागे उभी. ते म्हणाले, "ये गं, काय हवंय?" ती पुढे झाली, अगदी जवळ, आणि म्हणाली, "हात लावू?" त्यांनी मान खाली केली. तिने एका बोटाने नाक दाबलं. ते थोडं हललं, कडेने सुटलं. ती मागे वळून मला म्हणाली, "आजी, गोंदच आहे."

घरी जाताना रिक्षात परीक्षा घेऊ नका. "काय शिकलास?", "तात्पर्य काय?" हे प्रश्न तर अजिबात नकोत. मूल आपलं आपण बोलतं, कधी लगेच, कधी तीन दिवसांनी आंघोळ करताना. बोलेल तेव्हा ऐका. चुकीचं सांगितलं तरी दुरुस्त करू नका. माझ्या एका बालवाडीतल्या मुलाने आईला सांगितलं होतं, की राक्षस शेवटी रडला म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने ते तसं बघितलं होतं.

तिकिटाचा उरलेला तुकडा मुलाला द्या. आमच्याकडे बिस्किटांच्या एका डब्यात ते जमा होतात, प्रत्येकाच्या मागे नातवंडांनी स्वतः काढलेलं चित्र. आणि साडीचा पडदा आठवडाभर तरी उतरवू नका. नाटकाला जायच्या आधी तो तुमच्यासाठी टांगलेला असतो, नंतरचा मुलाचा असतो. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वाटी वाजली. मी चहा टाकत होते. हॉलमधून आवाज आला, "आजी, पहिली घंटा झाली. शू करून ये."